मदत हवी आहे: नव्याने बांधलेल्या इंजिनच्या ऑइलमध्ये तांबूस टिकल्या

नमस्कार मंडळी,

चार दिवस झाले, गाडी उभी आहे. किल्लीला हात लावलेला नाही. इंजिन उघडायचं की अजून थोडं चालवून बघायचं, हे काही केल्या ठरत नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. ज्यांनी स्वतः इंजिनं बांधली आहेत त्यांनी कृपया वेळ काढून वाचा.

इंजिन चार सिलिंडर, पेट्रोल, गिअर हाताचे. मागे तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला, जोडतो तिथलं) गेलं होतं. ठोके ऐकू आल्या आल्या बंद केलं, तरी तोवर शेल (बेअरिंगची अर्धगोल पातळ पट्टी) जागेवर फिरला होता. मग क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइझ, ब्लॉक ०.५० मिमी बोअर करून होनिंग (सिलिंडरच्या भिंतींवर बारीक तिरप्या रेघा मारणं), पिस्टन-रिंगा नव्या, मेन (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती बेअरिंगं) आणि बिग एंड दोन्ही सेट नवे, थ्रस्ट वॉशर, ऑइल पंप, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट सगळं नवं. मशिनिंग बाहेरून करून घेतलं, जुळणी मी आणि धाकट्या भावाने केली. प्रत्येक बेअरिंगमधला गॅप प्लॅस्टिगेज (दाबल्यावर किती पसरतो त्यावरून गॅप कळणारा मऊ दोरा) ठेवून मोजला, सगळीकडे ०.०४ ते ०.०५ मिमी. क्रँकचा पुढे-मागे प्ले ०.१५ मिमी होता, वहीत लिहून ठेवला आहे.

पहिलं ऑइल अर्धा तास चालवून काढलं, दुसरं १०० किमीला. दोन्ही वेळा उन्हात धरलं की चंदेरी झाक दिसायची आणि ड्रेन नटाच्या चुंबकावर करडी पेस्ट असायची. त्याची काळजी वाटली नाही. होनिंगच्या रेघांची टोकं रिंगा घासून बसवतात, ते लोखंड ऑइलमध्येच येणार. पेस्ट बोटांत चोळली तर लोण्यासारखी मऊ होती.

तिसरं ऑइल ८०० किमीला काढलं. चुंबकावर या वेळी नावापुरतंच होतं, त्यामुळे मी खुशीत होते. पण शेवटची धार पांढऱ्या ट्रेमध्ये पडताना तळाशी काहीतरी लुकलुकलं. तेव्हा फिल्टर कापला. कटरने कापला, करवतीने नाही, नाहीतर करवतीचाच कीस आत पडतो आणि मग आपण तोच मोजत बसतो. कागदाची पट्टी काढून, कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये पिळली, रॉकेलमध्ये धुतली आणि घडी घडी उलगडून बघितली.

आत तांबूस-सोनेरी टिकल्या होत्या. मोजल्या, सतरा. सगळ्यांत मोठी दीड मिलिमीटर लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, कडा धारदार. भिंगाखाली धरली तर एका बाजूवर बारीक समांतर रेघा दिसतात, एखाद्या कानशीने ओढल्यासारख्या. शिवाय चारपाच चंदेरी कण.

चुंबकाला एकही चिकटत नाही. चंदेरी कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असेल म्हणून त्यातले दोन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकले (हातमोजे आणि चष्मा घालून). ॲल्युमिनियम असतं तर फसफसलं असतं, तसं काही झालं नाही. एक कण तापलेल्या सोल्डरिंग आयर्नखाली धरला तर लगेच वितळून गोळी झाली. म्हणजे शिसं-कथिल जातीचा मऊ धातू. बेअरिंगच्या शेलला खाली पोलाद, मध्ये तांब्याचा मिश्रधातू आणि वर हाच मऊ थर असतो. आमचे शेल आणि थ्रस्ट वॉशर दोन्ही याच बनावटीचे आहेत, त्यामुळे मन धास्तावलं आहे.

बाकी लक्षणं काहीच नाहीत. ठोका नाही, धूर नाही. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला प्रेशर १.४ बार, ३००० आरपीएमला ३.४ बार, पहिल्या दिवसापासून तेवढंच. एकच बारीकसं: उभ्या गाडीत क्लच दाबला की आयडलिंग ८५० वरून ७८०च्या आसपास बसतं. क्लच नवा आहे, केबल अजून रुळायची असेल असं समजून मी ते सोडून दिलं.

माझा संशय ऑइल कूलरवर आहे. जुनं बेअरिंग गेलं तेव्हाचा चुरा त्यात अडकलेला असणार. आम्ही तो रॉकेलने धुऊन हवा मारून परत बसवला, बदलला नाही. या इंजिनात ऑइल पंपातून आधी कूलरमध्ये आणि मग फिल्टरमध्ये जातं. म्हणजे जुना चुरा आता हळूहळू सुटून फिल्टरमध्ये जमत असेल, तर इंजिनाला काहीच झालेलं नाही. आणि तसं नसेल तर प्रत्येक किलोमीटरला मी नवा क्रँक खाते आहे.

हा चुरा जुना की आत्ता तयार होणारा, हे चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) न उघडता कसं ओळखायचं?

प्रतिसाद

ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. तांबं, शिसं, कथिल, लोखंड, क्रोमियम किती आहे ते आकड्यांत कळेल. उगाच इंजिन खोलू नका.

प्रतिसाद

लॅबचा अहवाल जरूर घ्या, पण त्यावर इंजिन सुरू करू नका. स्पेक्ट्रोमीटरला साधारण पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचे कण दिसतात. डोळ्याला दिसणारी टिकली त्याच्या हिशोबातच येत नाही. अहवाल स्वच्छ आणि फिल्टरमध्ये टिकल्या, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. तुम्ही फिल्टर कापलात तोच खरा अहवाल.

धागाकर्तीने शेवटी जाता जाता लिहिलेली क्लचची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

आधी बिग एंड आणि मेनचा विचार करू. त्यांतून दीड मिमीच्या तांब्याच्या टिकल्या निघतात म्हणजे वरचा मऊ थर जाऊन मधला थर उकलतो आहे. वरचा थर जेमतेम वीस मायक्रॉनचा असतो हे खरं, पण मधला थर सोलला जाईपर्यंत गॅप वाढलेला असतो आणि गरम आयडलला प्रेशर सर्वांत आधी पडतं. तुमचं प्रेशर हललेलं नाही. बिग एंड असतं तर ॲक्सिलरेटर सोडताना ठोकाही ऐकू आला असता.

आता तांबं आहे, प्रेशर शाबूत आहे, ठोका नाही, असं कोणतं बेअरिंग? थ्रस्ट वॉशर. तो क्रँकचा पुढे-मागे धक्का झेलतो, त्याच्या झिजेचा प्रेशरवर जवळजवळ परिणाम होत नाही. आणि क्लच दाबला की रिलीज बेअरिंग फ्लायव्हीलला पुढे ढकलतं, तो सगळा जोर याच वॉशरवर येतो. वॉशर घासत असेल तर इंजिनाला तेवढा ब्रेक लागतो, म्हणून आयडलिंग बसतं. तीस-चाळीस आरपीएमने हललं तर मी लक्ष दिलं नसतं. सत्तर जास्त आहे.

वॉशर उलटा बसला असेल असं कोणी सुचवेल. मला तसं वाटत नाही. उलटा बसला तर पोलादी पाठ क्रँकवर घासते आणि कीस लोखंडी निघतो, चुंबकाला चिकटतो. तुमच्याकडे चुंबकावर काही नाही, म्हणजे दिशा बरोबर आहे. मग चांगला वॉशर ८०० किमीत का सोलला जावा? टिकलीवरच्या समांतर रेघांचं उत्तर तिथेच असावं. ग्राइंडिंगच्या वेळी चाकाची बाजू क्रँकच्या थ्रस्ट फेसला (वॉशरला टेकणाऱ्या कडेच्या सपाट भागाला) लागली आणि तो नीट पॉलिश झाला नाही, तर तो फेस कानशीसारखं काम करतो.

चेंबर न उघडता तपासायचं असेल तर डायल गेज क्रँक पुलीच्या तोंडावर लावा, क्रँक पट्टीने मागे लोटा, शून्य करा, मग कोणालातरी क्लच दाबायला सांगा. बहुतेक इंजिनांत ०.१० ते ०.३० मिमीच्या आत असतं, तुमच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघा. वहीत ०.१५ लिहिलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला अंदाज बांधावा लागणार नाही.

दोन प्रश्न: क्लच पेडलला वरती मोकळी हालचाल किती ठेवली आहे? आणि सिग्नलला गिअरमध्ये, क्लच दाबून उभं राहता का?

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. भावाला बोलावून त्याच संध्याकाळी गेज लावला. काटा ०.४६ वर थांबला. तीन वेळा केलं, तीनदा तेच. मॅन्युअलची मर्यादा ०.३० आहे.

पेडलला मोकळी हालचाल शून्य. जुळणी झाल्यावर क्लच उंचावर पकडावा म्हणून केबल मीच ताणली होती, म्हणजे रिलीज बेअरिंग सतत टेकलेलं होतं. आणि हो, सिग्नलला क्लच दाबूनच उभी राहते. स्टार्टही क्लच दाबूनच मारते, म्हणजे ऑइलचं प्रेशर बनायच्या आधी वॉशर कोरडा घासतो, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं.

काल चेंबर उतरवला. मधल्या मेनची कॅप काढून दोन्ही वॉशर बाहेर घेतले. पुढचा अगदी नवा आहे, त्याच्या खाचा स्वच्छ. फ्लायव्हीलच्या बाजूचा हातात घेतल्यावर पोटात खड्डा पडला. खाचा जवळजवळ पुसल्या गेल्यात, अर्ध्या भागावरचा मऊ थर गेलेला आणि तांबूस पृष्ठभाग उघडा पडलेला. त्यावर गोलाकार रेघा, टिकल्यांवर होत्या तशाच. मग क्रँकच्या फेसवर नख फिरवलं. नख अडकतं. ग्रामोफोनच्या तबकडीवरून फिरवल्यासारखं. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) आरशासारखे आहेत, फेसकडे मात्र कोणी बघितलेलंच नाही. जुळणी करताना जर्नल आम्ही मायक्रोमीटरने मोजले होते, फेसवर एकदा बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं.

कूलरची शंकाही मिटवून टाकली. रॉकेल उलट्या दिशेने ढकललं तर दोन कण निघाले, काळपट, कडा गोल झालेले. फिल्टरमधल्या टिकल्यांच्या कडा धारदार होत्या. म्हणजे जुना चुरा थोडा होता, पण त्या सतरा टिकल्या ताज्या होत्या.

दुसऱ्या सिलिंडरची बिग एंड कॅपही उघडून बघितली. शेल शाबूत आहे, पण मऊ थरात तीन बारीक सोनेरी ठिपके रुतलेले आहेत. थंड सकाळी ऑइल जाड असताना फिल्टरचा बायपास (ऑइल न गाळताच पुढे सोडणारी झडप) उघडत असणार, तेव्हाच ते पुढे गेले असतील.

त्यामुळे ठरलं, इंजिन उतरवते आहे. क्रँकचे दोन्ही फेस ग्राइंड करून पॉलिश, मोजून लागतील तेवढ्या जाडीचे ओव्हरसाइझ वॉशर, शेलचे दोन्ही सेट परत नवे, कूलर नवा. ब्लॉकच्या गॅलरीचे (आतल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून गरम साबणाच्या पाण्याने ब्रश मारणार, कारण नुसत्या रॉकेलने होनिंगची पूड निघत नाही.

एकच विचारायचं राहिलं. सिलिंडरच्या भिंती चांगल्या बसल्या आहेत, होनिंगच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं आहे. रिंगा त्याच सिलिंडरमध्ये, त्याच जागी परत घातल्या तर चालतील, की ब्लॉक धुतल्यावर पुन्हा होन मारून नव्याच घालू?

प्रतिसाद

रिंगा त्याच ठेवा. ८०० किमीत त्या आणि भिंती एकमेकींना लागल्या आहेत, ती जोडी मोडू नका. पिस्टन काढतानाच प्रत्येकावर नंबर टाका, रिंग पिस्टनवरून उतरवू नका, वर कार्बनची कड असेल तर आधी ती साफ करा. होन अजिबात नको. होन मारला तर नवी पूड, नव्या रिंगा आणि पुन्हा पहिल्यापासून रनिंग-इन.

पहिल्या स्टार्टच्या आधी स्पार्क प्लग काढून, क्लच न दाबता, न्यूट्रलमध्ये स्टार्टरने फिरवा आणि प्रेशरचा काटा उठला की मगच स्पार्क प्लग घाला. पहिला फिल्टर ५० किमीला कापा. काय निघालं ते इथेच लिहा, मी वाट बघतो.