तान्ह्या बाळाला सांभाळायला बाई कशी शोधावी, काय तपासावं?

निशिगंध

बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. दोन महिन्यांनी आमची दोघांचीही ऑफिसं पूर्णवेळ सुरू होतील. पाळणाघर इतक्यात नको असं ठरलंय, म्हणून दिवसभर घरी येऊन फक्त बाळाचं बघणारी बाई हवी आहे. एजन्सीतून घ्यावी की ओळखीतून? 'अनुभव आहे' असं प्रत्येकच जण सांगते, तो खरा आहे हे कसं ओळखायचं? बाळाला काढून ठेवलेलं दूध द्यायचं आहे, कमी पडलं तर पावडरचं. ते सगळं कसं समजावून सांगावं? आणि बाळाला तिच्यावर सोपवण्याआधी किती दिवस सोबत राहावं? कॅमेऱ्याबद्दलही मत सांगा.

रेघोटी

आजच सुरुवात करा. ऑफिसच्या तारखेपासून उलट मोजा: दोन आठवडे तुम्ही सोबत राहण्याचे, त्याआधी एक आठवडा चाचणीचा (याचे पैसे द्यायचेच), आणि बाई आधीच्या घरी नोटीस देऊन येणार असेल तर तो एक महिना. शोधायला उरतो जेमतेम आठवडा-दीड आठवडा.

शोधण्याआधी काम कागदावर लिहून काढा. बाळाचे कपडे, बाटल्या, त्याचं अंथरूण-पांघरूण आणि खेळणी तिच्याकडे. केर-फरशी, भांडी, स्वयंपाक नाही, आणि हे 'नाही'सुद्धा लिहायचं. बहुतेक घरांत गाडी इथेच घसरते. 'बाळ झोपलंय तोवर जरा एवढं करता का' असं सुरू होतं, महिन्याभरात ते रोजचं काम होतं, आणि मग बाळ जागं असतानाही ते उरकायचं म्हणून त्याला झोक्यात बांधून मोबाईल समोर धरला जातो. दोष बाईंचा नसतो.

एजन्सी की ओळख, यापेक्षा पडताळणी कोणी केली हे महत्त्वाचं. एजन्सीला सरळ विचारा: मागच्या घरांना तुम्ही फोन केला होता की बाईंनी आणलेला कागद फाईलला लावला? बदली बाई किती दिवसांत देणार, किती वेळा, पुन्हा शुल्क पडणार का? दरमहा पगारातून काही कापता का? कापत असतील तर तुम्ही देता त्याहून कमी रक्कम त्यांच्या हातात पडते आणि थोडं जास्त देणारं घर मिळालं की त्या जातात. ओळखीतून आलेल्या बाईंचंही ओळखपत्र बघून प्रत ठेवा, मूळ कागद मात्र कधीही ठेवून घेऊ नका.

मागच्या घरी फोन करताना 'बाई चांगल्या आहेत ना?' हा प्रश्न वाया जातो. त्याऐवजी: त्या आल्या तेव्हा बाळ किती महिन्यांचं होतं? दिवसात किती तास बाळ एकट्या त्यांच्याकडे असायचं? काम का सुटलं? पुन्हा ठेवाल का? एखादा तपशील मुद्दाम चुकीचा सांगा, म्हणजे दीड वर्ष काम केलेलं असेल तर 'तीन वर्षं होत्या ना तुमच्याकडे?' खरा मालक लगेच दुरुस्त करतो. शिकवून ठेवलेला नातेवाईक 'हो हो' म्हणतो. अनुभव मोजताना एक वर्षाखालच्या बाळांचाच मोजा. तीन वर्षांच्या मुलामागे धावणं आणि तान्हं सांभाळणं ही वेगळी कामं आहेत.

मुलाखतीत प्रसंग द्या. 'बाळ अर्धा तास रडतंय, दूध पिऊन झालंय, लंगोट कोरडा आहे. काय कराल?' जाणकार बाई ढेकर, ताप, पोट, कपडे फार झालेत का, असं एकेक करत जाते. हातापायांच्या बोटांना केस किंवा मोज्यातला सुटा धागा गुंडाळला गेलाय का ते बघेन असं कोणी म्हणाली, तर तिने तान्ही बाळं खरंच हाताळली आहेत. (हे तुम्हीही बघत जा. बाळंतपणानंतर केस खूप गळतात, आणि असा केस बोटात रुतून रक्त थांबवू शकतो.) पुढचा प्रश्न: 'आणि तुम्हालाच असह्य झालं तर?' बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जाईन आणि तुम्हाला फोन करेन, हे उत्तर हवं. 'मला कधीच वैताग येत नाही' या उत्तराने निश्चिंत होऊ नका. तिथे बसूनच स्पष्ट सांगा: रागात बाळाला गदागदा हलवणं जिवावर बेतू शकतं. डोकं जड, मान कमकुवत, त्यामुळे मेंदू आतल्या आत आपटतो आणि रक्तवाहिन्या फाटतात.

शेवटी बाळ हातात द्या. न सांगता आधी हात धुतले का, उचलताना मानेखाली तळवा गेला का, बाळाशी बोलल्या का. यातून तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त कळतं.

चिवचिव

रेघोटींनी निवडीचं सगळं लिहिलंय. मी दूध, झोप आणि तब्येतीचं लिहिते.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीजरमध्ये साधारण ६ महिने. फ्रीजरमधलं पूर्ण वितळल्यापासून फ्रिजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेली बाटली २ तासांनंतर ओतून द्यायची. ६० ते ९० मिलीचे छोटे भाग करा, तारीख-वेळ लिहा, दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवा आणि जुनं आधी वापरायला सांगा. गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करायचं. मायक्रोवेव्ह नको, कारण बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत कुठेतरी तोंड भाजेल इतकं गरम राहतं. आणखी एक: ठेवलेल्या दुधावर स्निग्धांशाचा थर येतो. माहिती नसलेली बाई ते नासलं म्हणून ओतून देते. हलकेच गोल फिरवलं की एकजीव होतं, हे करून दाखवा.

पावडरच्या दुधात आधी पाणी मोजायचं, मग सपाट चमचे. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आतलं, ७० अंशांच्या खाली न गेलेलं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बंद बाटली नळाखाली धरून थंड करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात उरलेलं टाकायचं. पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवणं सगळ्यात धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. चमचा डब्यातलाच, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. सहा महिन्यांपर्यंत वरून पाणी नको, वर्षापर्यंत मध चाटवायचा नाही.

पाजताना बाळ जवळजवळ बसतं, बाटली आडवी, मधेमधे थांबून १५-२० मिनिटं. उशीला टेकवून बाटली तोंडात देऊन ठेवायची नाही. घाईने पाजलं की बाळ गरजेपेक्षा जास्त पितं आणि दुपारीच साठा संपतो. बाटलीची सवय आत्तापासूनच लावा. आईच्या हातून बाटली न घेणारी बरीच बाळं आई दुसऱ्या खोलीत गेली की घेतात.

झोप: प्रत्येक वेळी पाठीवर, टणक सपाट गादीवर, उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको. तुमचं बाळ कुशीवर वळायला लागण्याच्या वयात आलंय, तेव्हा दुपट्यात घट्ट गुंडाळणं आता बंद करा. झोक्यात किंवा गाडीच्या सीटमध्ये झोपलं तर पाठ सपाट होईल अशा जागी हलवायचं, नाहीतर हनुवटी छातीवर पडून श्वासनलिका दबते. बाळ मांडीवर घेऊन सोफ्यावर डुलकी लागणं फार वाईट. डोळे मिटायला लागले तर बाळ आधी पाळण्यात.

रुजू होण्याआधी बाईंचा छातीचा एक्स-रे (क्षय नाही ना हे बघायला) आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा बूस्टर, खर्च तुमचा. लशीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती लवकर. भरपगारी आजारपणाची रजा द्या. पगार कापला जाणार असेल तर खोकला लपवून माणूस कामावर येतोच.

औषध तुमचा मेसेज असल्याशिवाय एक थेंबही नाही. एकाच नावाच्या थेंबांत आणि सिरपमध्ये एका मिलीतलं औषधाचं प्रमाण वेगळं असतं. ताप ३८ अंशांवर गेला की लगेच फोन. घशात अडकून आवाजच निघत नसेल तर: हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधोमध ५ थापट्या; मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब; निघेपर्यंत आलटून पालटून. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. बाळ बेशुद्ध होऊन मान टाकू लागलं तर लगेच जीवनसंजीवनी (सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) सुरू करायची आणि मदत बोलवायची. हे वाचून येत नाही, बाईंबरोबर तुम्हीही बाहुलीवरचं प्रशिक्षण घ्या.

तळटीप

कॅमेऱ्याबद्दल: सांगून लावा. लपवलेला सापडला की बाई जातात, आणि बरोबरच आहे. पाळणा आणि बैठकीची खोली पुरे. कपडे बदलायची जागा, बाथरूम नाही. दिवसभर बघत बसून 'आत्ता का रडतंय?' असे फोन करू नका. त्याने बाई बाळापेक्षा कॅमेऱ्याकडे लक्ष देऊ लागतात.

लेखी करारात तास, जादा तासाचा दर, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा आणि दोन्हीकडून नोटीस. पगार बँकेत. तुम्हाला घरी यायला उशीर होणार आहे हे गृहीत धरूनच जादा तासाचा दर ठरवा. फुकटचा रोजचा अर्धा तास हे काम सोडण्याचं नेहमीचं कारण आहे.

निशिगंध

खूप आभार. एक बाई आवडल्या आहेत, मागच्या घरचं मतही उत्तम. पण 'पालथं घातलं की बाळं छान झोपतात, आम्ही सगळी अशीच वाढवली' म्हणाल्या. वयाने मोठ्या आहेत, कसं बोलू? आणि सोबतीच्या दोन आठवड्यांत नेमकं काय करायचं?

रेघोटी

वाद घालू नका. 'मावशी, पालथं बाळ गाढ झोपतं हे खरंच, पण डॉक्टरांनी वर्षापर्यंत पाठीवरच सांगितलंय आणि आमच्या घरी तोच नियम आहे. जागं असताना तुमच्यासमोर पालथं घालाच, मानेला चांगलं.' जमलं तर बाळाच्या पुढच्या तपासणीला त्यांना घेऊन जा. डॉक्टरांनी त्यांच्याशीच बोललेलं जास्त पटतं. चाचणीच्या आठवड्यात हा नियम पाळला नाही तर मत कितीही उत्तम असो, दुसऱ्या बघा. एकटं असताना तो पाळला जाईल असं समजायला काही आधार उरत नाही.

दोन आठवडे असे: पहिले दोन दिवस तुम्ही करा, त्या बघतील. मग त्या करतील, तुम्ही त्याच खोलीत. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तुम्ही दुसऱ्या खोलीत, रडलं तरी लगेच धावायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात आधी एक तास बाहेर, मग तीन तास, मग एक पाजणं आणि एक झोप पूर्ण त्यांच्यावर, शेवटी दोन दिवस ऑफिसच्या पूर्ण वेळेइतके. या काळात एक वही सुरू करा: वेळ, किती मिली, ओले लंगोट, शी, झोप कधी ते कधी. चोवीस तासांत सहापेक्षा कमी ओले लंगोट दिसले तर दूध कमी पडतंय का ते बघा. वहीच्या पहिल्या पानावर बाळाचं वजन, डॉक्टरांचा आणि जवळच्या शेजाऱ्यांचा नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता आठवत नाही. आणि मावशी अचानक आल्या नाहीत तर तुमच्यापैकी कोण घरी थांबणार, हे ऑफिस सुरू होण्याआधीच ठरवून ठेवा.