नायगारावरून पिंपात बसून उडी मारणारे वाचतात कसे?

रानजाई:
पुढच्या महिन्यात बहिणीकडे टोरांटोला जातेय, नायगारा बघणारच. लेक सारखा विचारतो, आई ते पिंपातले लोक वाचले कसे? सत्तावन्न मीटरवरून पडून माणूस वाचतो तरी कसा?

भटक्या७७:
पहिली वाचली ती ॲनी एडसन टेलर, शाळेतली बाई, २४ ऑक्टोबर १९०१ ला, ६३व्या वाढदिवशी. ओकचं पिंप, आत गादी, पिंप सरळ राहावं म्हणून बुडाशी ऐरण. डोक्याला खोक पडली तेवढीच. पैशासाठी केलं बिचारीने, पण मॅनेजर पिंपच घेऊन पळाला आणि ती गरिबीतच गेली. वाचलेले बहुतेक सगळे हॉर्सशू फॉलवरून, म्हणजे नायगारातल्या सगळ्यात मोठ्या धबधब्यावरून पडलेले, कारण तिथं खाली पाणी खोल आहे. शेजारच्या अमेरिकन फॉलखाली नुसता दगडांचा ढीग, तिथं कोण वाचणार.

मीरा_बफेलो:
ताई, लेकाला गेलेल्यांचंही सांगा, नाहीतर मुलांना वाटतं सगळेच वाचतात. चार्ल्स स्टीफन्स, ब्रिस्टलचा न्हावी, १९२० मध्ये ऐरण पायाला बांधून पिंपात बसला, पिंप आपटलं तशी ऐरण बूड फोडून त्याला घेऊन खाली गेली, पट्ट्यात अडकलेला उजवा हात तेवढा सापडला. १९३० ला स्टाथाकिसचं पिंप फुटलं नाही पण पाण्याच्या पडद्यामागे अडकून पडलं, कितीतरी तास बाहेरच येईना, आतली हवा संपली आणि तो गुदमरून गेला. किर्क जोन्स २००३ ला काही न घेता पडून वाचला, २०१७ ला फुगवलेल्या बॉलमधून परत गेला आणि मेला. एकदा वाचला म्हणून पाणी दुसऱ्यांदा सोडेलच असं नाही हो.

रानजाई:
बापरे, हाताचं वाचून काटा आला. पण २०१२ ला दोरीवरून चालत गेला त्याला कसं काय जाऊ दिलं?

भटक्या७७:
निक वॉलेंडा. त्याला अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडची खास परवानगी होती, कमरेला सेफ्टी दोरीही होती. बाकी कुणी केलं तर गुन्हा, दंड बसतो. आणि मला विचाराल तर लेकाला १९६० ची गोष्ट सांगा. नदीत बोट उलटली, सात वर्षांचा रॉजर वुडवर्ड नुसत्या लाइफ जॅकेटवर हॉर्सशूवरून खाली गेला, मेड ऑफ द मिस्ट बोटीवाल्यांनी रिंग टाकून त्याला वर घेतलं. बहिणीला तर अगदी कड्यापाशी लोकांनी हात देऊन ओढलं. त्यांना घेऊन गेलेला घरचा मित्र मात्र गेला.

मीरा_बफेलो:
हो, हेच सांगा. आणि तिथं कठड्यावर बसवून फोटो अजिबात काढू नका, दगड कायम तुषारांनी ओले असतात.