क्रूझवर रात्रीच्या जेवणाला मुलांना काय घालायचं?

प्रश्न: सात रात्रींची क्रूझ आहे, त्यात दोन फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री. लेक फ्रॉकवर खूश. मुलगा सहा वर्षांचा, कॉलरचं वरचं बटण लावलं की मान वाकडी करून बसतो. ब्लेझर हवाच का?

उत्तर: छे! आम्ही हौसेने नेला. पहिल्याच फॉर्मल नाइटला बाही सूपमध्ये बुडली, मग आठवडाभर कपाटात लटकला. कॉलरवाला टीशर्ट, फुल पँट, बूट, पुष्कळ झालं. पोहण्याच्या कपड्यांत मात्र मुख्य डायनिंग रूममध्ये घेत नाहीत.

उत्तर: एसी गार असतो, फ्रॉकवर स्वेटर ठेवा. पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत घ्या. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला कधीकधी संध्याकाळ होते.

प्रश्नकर्ती: आणि ऐनवेळी हटून बसला तर?

उत्तर: सरळ बुफेत न्या.