खोकं नवं, माल जुना

परत आलेला माल दुकानवाले नीट बघतच नाहीत, या तुमच्या म्हणण्याला माझाही दुजोरा. मागे एका मोठ्या दुकानातून कॉम्प्युटरसाठी डीडीआर४ रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, आणली. घरी खोकं उघडलं तर आत आधीच्या पिढीची डीडीआर३! कुणीतरी नवी ठेवून घेऊन आपली जुनी परत केली असणार. पट्टीवरची खाच भलत्याच जागी, पिना २८८ ऐवजी २४०; स्लॉटमध्ये बसणार कशी? काउंटरवरचा मुलगा मात्र मलाच सांगतो, "सर, जरा जोर लावून दाबा, बसेल." त्याला तरी काय बोलणार, गेल्या आठवड्यापर्यंत मिक्सर विकत होता म्हणे. शेवटी दुसरी पट्टी शेजारी धरून दाखवली, तेव्हा कुठे बदलून मिळाली. आणि ती जुनी? त्याने खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून पुन्हा फळीवर ठेवली. माझ्यासमोर!