अनुभव धागा : खांबापासून राउटरपर्यंत, तुमच्या देशात काय येतं आणि का बंद पडतं?

तारयंत्री

वेगावरून देशांची क्रमवारी लावणारे तक्ते खूप आहेत, ते इथे नकोत. घरात शिरणारी वायर कसली असते, ती कशामुळे बंद पडते आणि बंद पडल्यावर कुणाचा कान धरता येतो, एवढंच लिहा. परदेशी गेल्यावर किंवा तिथून गावी परतल्यावर ज्याला जोडणी घ्यायची आहे, त्याच्या उपयोगी पडलं पाहिजे. 'आमच्या शेजारी एकदा' छापाचे किस्से दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावापासून. घरगुती फायबर (काचेच्या धाग्यातून प्रकाशाने येणारं इंटरनेट) म्हणजे बहुतेक वेळा जीपॉन, एकाच धाग्यावर अनेक घरं चालवणारी पद्धत. ऑपरेटरकडून निघालेला एक धागा स्प्लिटर नावाच्या प्रकाश वाटणाऱ्या डबीतून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. खाली (डाउनलोड) सेकंदाला २.४८८ गिगाबिट, वर (अपलोड) १.२४४, आणि तेही सगळ्यांत मिळून. नेट रडायला लागलं की लोक वेग मोजत बसतात. आधी प्रकाश मोजा. ओएनटीच्या (घरातल्या फायबरच्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) चांगलं, उणे २७च्या खाली गेलं की नेट येतं-जातं.

हिशेब सोपा आहे. ऑपरेटरकडून अधिक ३ डीबीएम निघालं असं धरा. ३२ घरांत वाटणारा १:३२ स्प्लिटर साधारण १७ डीबी (डीबी म्हणजे वाटेतल्या घटीचं माप) खातो, चार किलोमीटर फायबर एक-दीड, जोड आणि कनेक्टर मिळून आणखी दीड. घरी उणे १७च्या आसपास यायला हवं. उणे २६ दिसत असेल तर आठ-नऊ डीबी वाटेत कुठेतरी सांडतायत. बहुतेकदा खिडकीच्या चौकटीत चेपलेली वायर, खिळ्याभोवती काटकोनात वळवलेली वायर किंवा खांबावरच्या जॉइंटच्या डब्यात शिरलेलं पावसाचं पाणी. आणखी एक हमखास चूक म्हणजे हिरव्या कनेक्टरवर निळा बसवणं. हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते.

ओएनटीवरचा लाल एलओएस दिवा लागला म्हणजे प्रकाशच येत नाहीये, बहुधा तार तुटली आहे. एलओएस बंद पण पॉनचा दिवा लुकलुकतोय, तर प्रकाश पोचतोय आणि ऑपरेटरकडे नोंदणी होत नाहीये. अशा वेळी ओएनटी दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. केबलवाल्याला नेमकं हेच वाक्य सांगा, माणूस पाठवण्याआधी तो त्याच्या स्क्रीनवर बघेल.

राइनकाठी

जर्मनीत अजून पुष्कळ घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर येतं, आणि तिथे सगळा खेळ अंतराचा. जाहिरातीतलं २५० मेगाबिट रस्त्यावरच्या करड्या कपाटापासून काहीशे मीटरच्या आतच मिळतं. म्हणून घर भाड्याने घेण्याआधी घरक्रमांक टाकून बघा, नुसतं गल्लीचं नाव पुरत नाही. करार बहुधा २४ महिन्यांचा असतो. त्यानंतर डिसेंबर २०२१ पासून एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतो. १ ऑगस्ट २०१६ पासून राउटर स्वतःचा लावायचा हक्क आहे, कंपनीचा भाड्याने घ्यायची सक्ती नाही.

कान धरायची सोय मात्र इथे उत्तम. बिघाडाची तक्रार लेखी करा, कारण घड्याळ तिथून चालू होतं. पूर्ण बंद पडलेलं नेट दोन दिवसांत दुरुस्त झालं नाही तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे प्रत्येकी ५ युरो किंवा मासिक बिलाच्या १० टक्के, जे जास्त असेल ते. पाचव्या दिवसापासून रोज १० युरो किंवा २० टक्के. ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ फिरकला नाही, तरी १० युरो किंवा २० टक्के. वेग कमी असेल तर नियामकाच्या अधिकृत मोजणी-प्रोग्रॅमवर तीन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा, अशा तीस मोजण्या करायच्या, त्याही लॅन केबल (संगणक राउटरला जोडणारी वायर) लावून. वायफायवरची मोजणी धरत नाहीत, आणि भारतीय मंडळी नेमकी तिथेच आपटतात.

तारयंत्री

@राइनकाठी, भारतात पायऱ्या आहेत. तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नका. आणि डॉकेटशिवाय नुसतं केबलवाल्याला व्हॉट्सॲप केलं तर कागदावर तुमची तक्रार नसतेच.

क्योतोकर

जपानमध्ये धागा एकाचा, इंटरनेट दुसऱ्याचं. लाइन बहुतेकदा एनटीटी या टेलिफोन कंपनीची आणि प्रोव्हायडर (इंटरनेट देणारा) वेगळा, त्यामुळे बिघाड झाला की आधी कुणाचा आहे हे ठरवावं लागतं. रात्री आठ-नऊनंतर वेग कोसळतो आणि सकाळी परत येतो, हे लक्षण असेल तर धागा निर्दोष आहे. जोडणी पीपीपीओई या जुन्या पद्धतीवर आहे आणि एनटीटी-प्रोव्हायडर यांच्यामधल्या उपकरणाशी गर्दी झाली आहे. उपाय आयपीव्ही६ आयपीओई, म्हणजे ती गर्दीची जागा टाळणारी नवी पद्धत. अर्ज प्रोव्हायडरकडे करायचा, पण राउटरला एमएपी-ई किंवा डीएस-लाइट (नव्या जोडणीवरून जुने आयपीव्ही४ पत्ते चालवायच्या पद्धती) कळायला हवं. भारतातून आणलेल्याला ते सहसा कळत नाही. इथेही मेख आहे. एमएपी-ईमध्ये एकच आयपीव्ही४ पत्ता अनेकांत वाटतात, आणि एका लोकप्रिय सेवेत घरटी २४०च पोर्ट (त्या पत्त्याची दारं) मिळतात. घरच्या कॅमेऱ्यासाठी हवा तो पोर्ट उघडता येत नाही.

जुन्या इमारतीत फायबर तळघरापर्यंत आणि वर टेलिफोनच्या तारेने व्हीडीएसएल. तिथे १०० मेगाबिटच्या वर जाणारच नाही. खोली बघायला जाल तेव्हा भिंतीवरचं सॉकेट बघा. नुसतं फोनचं असेल तर समजा.

वीज १०० व्होल्ट, पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०. राउटरच्या ॲडॉप्टरवर '१००–२४०' छापलं असेल तर काळजी नाही.

वाळवंटी

दुबईत वेग भरपूर, पण व्हॉट्सॲपवर मेसेज-फोटो जातात, कॉल लागत नाही. परवानगी असलेलं ॲप दोन्ही टोकांना लागतं, म्हणजे सांगलीतल्या आईच्या फोनमध्येही. निघायच्या आधी टाकून, शिकवून या. व्हीपीएन (आपली जोडणी लपवणारी सेवा) वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर दंड ५ लाख ते २० लाख दिरहम.

थेम्सकाठचा

ब्रिटनमध्ये जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधूनच येई, त्यामुळे दिवे गेले तरी फोन चाले. ते जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद होतंय. फोन राउटरला जोडला की वीज जाताच तोही मुका. ज्यांना लँडलाइनशिवाय मार्ग नाही, त्यांच्यासाठी आणीबाणीचा कॉल किमान तासभर लागू शकेल अशी सोय कंपनीने द्यायची असते, पण मागावी लागते. कायद्याने मागता येणारा किमान वेग १० मेगाबिट. तुलनेला, भारतात ब्रॉडबँडची व्याख्या २०२३ पासून २ मेगाबिट (त्याआधी ५१२ किलोबिट!), अमेरिकेत २०२४ पासून खाली १०० आणि वर २०.

मेलबर्नचा बंड्या

ऑस्ट्रेलियात 'एनबीएन (सरकारी ब्रॉडबँड जाळं) आहे' याचा अर्थ शून्य. फायबर घरात, फुटपाथच्या खड्ड्यापर्यंत की गल्लीच्या कपाटापर्यंत, हे पत्त्यावर तपासा. खड्ड्यापर्यंतचं असेल तर तिथल्या यंत्राला वीज तुमच्या घरातून, त्याच तांब्याच्या तारेने उलटी जाते. वादळात विजेचा लोळ त्या तारेने आत येतो आणि घरातला जोडणीचा डबा जळतो. ब्लू माउंटन्समध्ये असे पुष्कळ जळले. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि फोनची तार, दोन्ही काढा.

झाकोळ

आमच्याकडे लोडशेडिंग असतं. मिनी यूपीएस (राउटरची छोटी बॅटरी) लावलाय तरी नेट जातं. जीपॉनच्या स्प्लिटरला तर वीज लागत नाही ना?

तारयंत्री

नाही लागत. म्हणून आधी घरात येणारी वायर बघा. बारीक काळी किंवा पांढरी फायबर नसून निळी-करडी लॅन केबल असेल, तर जिन्यात किंवा गच्चीवर केबलवाल्याचा स्विच (नेट घराघरांत वाटणारं यंत्र) आहे, आणि तो मीटरवरच्या विजेवर चालतो. तुमचा राउटर चालू पण वॅनचा (बाहेरून येणाऱ्या वायरचा) दिवा विझलेला, हीच खूण. त्याच्या डब्यात बॅटरी बसवायला सांगा, नाहीतर घरापर्यंत फायबर मागा. गच्चीवरून गच्चीवर गेलेली लॅन केबल पावसाळ्यात बंड्याच्या तारेसारखीच राउटर जाळते. फायबर आली तरी तिच्या बाजूची आधाराची स्टीलची तार बाहेरच कापून घ्या, आत आणू देऊ नका.

यूपीएसवर ८८०० एमएएच छापलेलं असतं ते ३.७ व्होल्टवरचं, म्हणजे ३२ वॉट-तास. ओएनटी ८ ते १० वॉट खातो आणि थोडं वाया जातं. अडीच-तीन तास धरा.