१९ जूनला फुले वाड्यात काय करावे?

वाचनकट्टा, कोथरूड

आमच्या वाचनकट्ट्याने यंदा १९ जून रोजी, म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचे स्मरण म्हणून पाळल्या जाणाऱ्या ‘जूनटींथ’च्या दिवशी, गंज पेठेतील फुले वाड्यात जमण्याचे योजले आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, एवढा धागा हाताशी आहे. मात्र हार, भाषण आणि चहा यांपलीकडे जाऊन वंशभेदविरोधी चळवळीशी नाते जोडणारा कार्यक्रम कसा आखावा, हे जाणकारांनी सुचवावे.

निवृत्त इतिहास शिक्षक

लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला, पण टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे जनरल ग्रेंजर यांनी मुक्तीचा हुकूम काढला तो १९ जून १८६५ रोजी. मधली अडीच वर्षे मळेवाले माणसे राबवतच राहिले, कारण त्यांना अडवणारे सैन्य तेथे पोहोचले नव्हते. त्याच हुकुमात पुढे असेही बजावले आहे की मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच राहून मजुरीवर काम करावे, लष्करी ठाण्यांवर जमू नये, आणि रिकामे बसल्यास त्यांना पोसले जाणार नाही. पिढ्यानपिढ्या फुकट राबलेल्यांना हा उपदेश! तो हुकूम मराठीत करून पूर्ण वाचा. मुक्ती आणि समता यांतले अंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गंजपेठकर

ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीयांनी १८७२ मध्ये पैसे जमवून दहा एकर जमीन घेतली, ती हा दिवस साजरा करायला स्वतःची जागा असावी म्हणून. त्याच्या चार वर्षे आधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. वाड्यातच जमणार असाल तर बोलणे हौदापासून सुरू करा.

कामगार कार्यकर्ती, हडपसर

वाचन हवेच, परंतु तेवढ्यावर थांबू नये. १९ जून १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी आखलेल्या गरिबांच्या मोहिमेचा मोठा मेळावा झाला, आणि २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर याच दिवशी गोदी कामगारांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरे आठ तास बंद ठेवली. वंश आणि जात एकच आहेत, असे मी म्हणणार नाही. जोतीरावांनी तरी दूरचे उदाहरण घेतले ते आपल्याच समाजाला जाब विचारण्यासाठी. आपल्याकडे ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, आणि पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, पावसाळ्यातच अंगावर येते. वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरवणारा कायदा १९७६ चा आहे. तो ज्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेला नाही, त्यांना वाड्यात बोलवा आणि आपण ऐकायला बसा.

वाचनकट्टा, कोथरूड

हुकुमाचे भाषांतर मी आजच हाती घेते. भाषणांची वेळ आम्ही ऊसतोड कामगारांसाठी मोकळी ठेवतो. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी वर्गणीतून द्यायची, एवढे तूर्त ठरले आहे.