मदत हवी आहे: वाचनालयाच्या बोर्डसाठी जन्मतारीख माहीत नसलेल्या बायका कशा बसवायच्या?

आमच्या वाचनालयात ३ जानेवारी आणि ८ मार्च झाला की बायकांचा विषय वर्षभर बंद, म्हणून यंदापासून दर महिन्याला एकीवर बोर्ड लावायचं ठरवलंय. जून जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (१९३९ला केंब्रिजची पीएचडी, तीही सर सी. व्ही. रामन यांनी आधी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारलेला असताना!), नोव्हेंबर डॉ. रखमाबाई, डिसेंबर इरावती कर्वे, हे जन्मतारखांवरून सहज बसलं.

अडलंय ते ताराबाई शिंदे आणि मुक्ता साळवे यांच्यापाशी. एकीने १८८२ला 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं, दुसरीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ला 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आला आणि ती तेव्हा शाळेत शिकणारी पोरगी होती, यांना वगळणं मला अजिबात पटत नाही. चरित्रकोश चाळला, नेटवर शोधलं, पण खात्रीची जन्मतारीख नाही. फोटोही नाही आणि काल्पनिक चित्र लावायचं नाहीये.

बोर्ड एका कार्डशीटचा, प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट, वाचणारी पोरं पाचवी ते आठवीची. मूळ लिखाणातल्या दोन-चार ओळीच मोठ्या अक्षरात लावायचा विचार आहे, पण ती भाषा पोरांना जड जाईल का? कुणी शाळेत असं केलं असेल तर सांगा, या दोघींना कुठला महिना दिलात आणि नेमका कुठला उतारा घेतलात?